रायाजी गव्याच्या गुडघ्यांचे प्रकरण

विषय : गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकू देण्याबाबत.
अर्जदार : रायाजी गवा, मुक्काम खालचे कुरण.
संदर्भ : अर्जदाराचे दोन्ही पुढचे गुडघे.

मुलांनो, वरील विषयास अनुसरून गोष्ट अशी आहे.

एका जंगलात गरम पाण्याचा एक झरा होता. त्याच्याखाली मोठे डबके साचले होते. थंडी पडू लागली की म्हातारी जनावरे तिथे जमत. रीत अशी होती, की ज्याचे दुखणे जास्त त्याने झऱ्याच्या तोंडाशी बसावे, कमी असेल त्याने कडेला. दाखला कोणी मागत नसे. कुणी खोटे कण्हत पुढे घुसलाच, तर तिथले पाणी इतके कढत होते, की धडधाकट जनावर आपणहून मागे सरके.

रायाजीची जागा तोंडाशीच होती. सकाळी उठताना त्याचे गुडघे वाळक्या बांबूसारखे वाजत. गव्यांचा कळप कडाक्याच्या थंडीआधी खिंड ओलांडून पलीकडच्या उबदार रानात जाई. ज्याला चालवत नसे तो मागे राही, आणि मागे राहिलेला वाघाच्या वाट्याला येई. तेव्हा गुडघे निदान खिंडीपुरते चालावेत, एवढीच रायाजीची इच्छा होती.

एका वर्षी वाघमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तिथे त्यांना आधी गरम पाण्यात बसवले, मग वाफेत. परत आले ते प्रजेचे आरोग्य सुधारायचे ठरवूनच. कोल्हा चिटणीस झाला, अस्वल राजवैद्य. समिती बसली. आपल्याकडे गरम पाणी आधीपासूनच आहे हे ऐकून समितीला जरा वाईट वाटले. पण त्याला नाव नव्हते. म्हणून डबक्याचे ‘राजआरोग्य कुंड’ केले, भोवती कुंपण घातले, मातीच्या उताराच्या जागी गुळगुळीत दगडी पायऱ्या केल्या आणि शेजारी वाफेची खोली उभारली.

उद्घाटनाला अस्वलाने भाषण केले. शेकाने रक्त खेळते, घाम निघतो, झोप लागते, मन शांत होते, असे त्याने सांगितले. ‘सांधे मोकळे होतात’ याला रायाजीने पाय आपटून दाद दिली. नंतर बराच वेळ तो पाय त्याला टेकवेना.

दुसऱ्या दिवशी तो कुंडावर गेला. फाटकाशी चिटणीस होते.

“रायाजीबाबा, दाखला आणलात?”

“कसला?”

“प्रकृती उत्तम असल्याचा. दुखणाईत जनावर आत घेत नाही आपण. कालच एक नीलगाय पायरीवर घसरली. कुंडाचं नाव खराब होतं.”

“साहेब, पायऱ्या तुम्हीच केल्यात. आधी उतार होता.”

“म्हणून तर जबाबदारी आमच्यावर आली.”

रायाजी राजवैद्यांकडे गेला. अस्वलाने गुडघा दाबला. रायाजी असा हंबरला, की झाडावरची वानरे उठून गेली. अस्वल म्हणाले, गुडघे पार गेलेत, आता गरम पाण्याच्या शेकाशिवाय उपाय नाही.

“मग तसं लिहून द्या.”

“तसं लिहून दिलं तर आत सोडतील का तुम्हाला?” अस्वलाने कळवळून विचारले.

वाटेत साळूबाई साळिंदरीण भेटली. तिचीही कंबर धरली होती. ती म्हणाली, “भावजी, जन्मभर कण्हून जागा मिळवलीत, आता हसून मिळवा. मी तर कालपासून ठुमकत चालतेय.”

रायाजीने तेही केले. मान ताठ ठेवून, हसत हसत तो फाटकापर्यंत आला. चिटणिसांनी कौतुकाने पाहिले. तेवढ्यात दोन्ही गुडघे वाजले. चिटणिसांचे कान तीक्ष्ण होते.

शेवटी त्याने खास बाब म्हणून अर्ज केला. तो समितीपुढे ठेवायचा होता. समितीची सभा वाफेच्या खोलीत भरे. तिथे सर्वांचे मन इतके शांत होई, की कोणीही विषय काढत नसे. बाहेर कुंडात धष्टपुष्ट रानडुकरे आणि तरणे चित्ते पाण्यात डुंबून आणखी धष्टपुष्ट होत होते. मात्र झऱ्याच्या तोंडाशी कोणीच बसत नसे. तिथे फार चटके बसतात, अशी त्यांची तक्रार होती.

थंडी वाढली. कळपाची निघायची वेळ झाली. रायाजीसाठी मुखिया एक दिवस थांबला. त्याहून जास्त थांबणे वासरांना परवडणारे नव्हते. रायाजी खिंडीच्या पायथ्यापर्यंत सगळ्यांबरोबर गेला आणि तिथे खाली बसला. त्याची लेक चंद्री मागे फिरली.

“बाबा, अर्जाचं काय झालं?”

“होईल,” रायाजी म्हणाला. “तू पुढं हो. वासराला थंडी लागेल.”

ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. मग कसाबसा उठून कुंडावर परतला.

आता तो कुंपणाबाहेर उभा असतो. संध्याकाळी महाराज वाफ घेऊन बाहेर येतात. वाफेने त्यांची भूक पुष्कळ सुधारली आहे. जाता जाता ते रायाजीकडे थोडा वेळ पाहतात.

रायाजीचा अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य : गरम पाणी आणि वाफ यांनी प्रकृती सुधारते. ती आधीपासून उत्तम असावी, एवढीच अट आहे.