वासुदेवरावांची नवी दोरी

बाळांनो, मनात एक सागाचा ओंडका आणा. नुसता गोल, अजून फळ्या न पाडलेला, तुमच्या कवेत जेमतेम मावेल एवढा. आता त्यात लाकूड किती, ते कसं सांगाल? तुमसरच्या वासुदेवरावांची लाकडाची टाल होती. ते ओंडक्याच्या पोटाला दोरी गुंडाळत, मग तिची चार पदरी घडी घालून फुटपट्टीवर धरत. येईल त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं, मग लांबीनं. झालं माप.

आंबागडच्या तेजरामांनी परवानगी काढून बांधावरचा साग तोडला आणि त्याचे तीन ओंडके ट्रॅक्टरवर घालून टालीवर आणले. त्यांच्या गोठ्याचं आढं तडकलं होतं आणि म्हैस दिवसांवर आली होती. साग द्यायचा आणि आढ्यासाठी येनाच्या, म्हणजे ऐनाच्या टणक लाकडाचे दोन ओंडके न्यायचे, असा बेत होता. सोबत नऊ वर्षांची नात गुंजन होती.

नेमकी त्या दिवशी वासुदेवरावांची दोरी उंदरांनी कुरतडली होती.

"कोनाजवळ दोरी हाये का जी?" त्यांनी विचारलं.

"गुंजन, तुह्या पिशवीत हाये ना काहीतरी? दे बरं," तेजराम ट्रॅक्टरवरूनच ओरडले.

पिशवीत आजीनं मागवलेलं इलास्टिक होतं, गुंजनच्या शाळेच्या स्कर्टात घालायचं.

"काका, पन ते..."

"मोठे बोलून राहिले तं मधात बोलू नये, बाई!" म्हणत वासुदेवरावांनी ते ओढून घेतलं. चष्मा त्यांचा घरी राहिला होता. आणि सवय अशी, की विकत घ्यायचा माल मोजताना दोरी सालीत रुतेपर्यंत ताणायची. त्यांनी ताणली, अंगठ्यानं खूण धरली, सैल सोडून घडी घातली. आठ इंच!

"आठ? घरी मोजलो तं दहा भरला होता जी!" तेजरामांचा चेहराच उतरला.

"लाकूड सुकते, तेजरामभाऊ."

"आंबागडवरून तुमसरले येतायेता?"

"ऊन का थोडं हाये? अन् गिऱ्हाईक तरी कोठी हाये? लोक लोखंडाच्या चौकटी बसवून राहिले. आधी महिन्याले पन्नास नग जात, आता पंधरा गेले तं लय झाले."

गुंजननं मनात हिशेब केला. दहा दाही शंभर, आठी आठी चौसष्ट. घडीतले दोनच इंच गेले, पण लाकडाचा तिसऱ्या भागाहून जास्त भाग गेला होता! बाकीचे दोन ओंडकेही आठच भरले.

वासुदेवराव खूश. लाकूड घ्यायला आलेल्या सुखराम सुताराला ते म्हणाले, "दोरी बेस हाये. आजपासून माह्या टालीवर घेनं-देनं सगळं याच दोरीनं. आयकलास ना?"

"काका, पन ते..."

"चूप ना, बाई! तेजरामभाऊ, तुमच्या सागात येनाचा एकच नग बसते."

एका ओंडक्यानं गोठा उभा राहणार नव्हता. तेवढ्यात सुखराम म्हणाला, "मालक, त्या येनावर खडूनं बारा लिवून हाये, ते जुन्या दोरीचं. नव्या दोरीनं मोजा ना!"

शब्द चारचौघांत दिला होता. वासुदेवरावांनी येनाला दोरी गुंडाळली. हाताला सवय जडलेली, ती थोडीच ऐकते? ताणली. साडेनऊ! डोळे चोळून त्यांनी आणखी जोरात ताणली. नऊ!

"हे कसं झालं बाप्पा?"

"लाकूड सुकते जी," तेजराम गंभीरपणे म्हणाले.

"माहे चार नगबी याच दोरीनं द्या, मालक!" सुखराम पुढे सरसावला. त्याच्यामागे आणखी दोघं येऊन उभे राहिले. वासुदेवरावांनी चिडून दोरी अशी खेचली, की एक टोक सुटून चट्टकन त्यांच्या नाकावर बसलं.

"हे काय हाये?"

"मी तेच तं सांगून राहिली होती, काका. माह्या स्कर्टाचं इलास्टिक हाये ते."

टाल हसून हसून लोळली. तेजराम मात्र हसले नाहीत. इलास्टिकच्या मापानं येनाचे दोन्ही ओंडके आता त्यांचे होते, आणि वासुदेवरावांना शब्द फिरवायला तोंड नव्हतं. खऱ्या मापात दोन बसतील की नाही, कोण जाणे. त्यांनी एकदा येनाकडे पाहिलं, एकदा नातीकडे. मग त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी तिला विचारलं, "गुंजन, आता का करावं, माय?"

गुंजननं दोन्ही वेण्यांच्या लाल रिबिनी सोडल्या, एकमेकींना घट्ट गाठ मारली आणि एक टोक वासुदेवरावांच्या हातात दिलं.

"काका, पहिल्यापासून मोजा. आता कितीबी ओढा."