काटा शून्यावर होता

रविवार, ७ नोव्हेंबर. आकाश ढगाळ, उत्तरेचा कोरडा वारा, पाऊस नाही.

या दिवशी सकाळी चहा पिताना मी ठरवले की यापुढे आमच्या घरात विकतचा साबण येणार नाही. निर्णय छोटासाच होता. (मोठे निर्णय माझा चहा संपायच्या आत बायकोने घेऊन टाकलेले असतात, त्यामुळे मला सराव छोट्यांचाच.)

निमित्त झाले वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकाचे. साबण म्हणजे दुसरेतिसरे काही नसून तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा, बाकी सगळे वेष्टन आणि जाहिरात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मला फार राग आला. म्हणजे इतकी वर्षे मी जाहिरातीने अंघोळ करत होतो.

"अगं, आपण साबण घरीच करू," मी म्हणालो.

बायको वह्या तपासत होती. ती शाळेत शिक्षिका आहे. मूर्खपणाचे वाक्य कानावर आले तर मान वर न करता ती त्याखाली लाल रेघ ओढू शकते.

"कशाला?"

"पैसे वाचतील. शिवाय कपडे धुवायची पावडरही त्याच साबणाची करता येते."

"मागे मेणबत्त्या केल्यात तेव्हाही पैसे वाचणार होते."

"मेणबत्त्यांचं वेगळं. तिथे वात चुकली."

"आणि पडदे जळले."

"एकच पडदा," मी म्हणालो. (दुसरा नुसताच काळा झाला होता.)

"करू दे गं त्यांना," कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासरे म्हणाले. "जावईबापू, अवश्य करा. फक्त मोजमाप चोख ठेवा. जगातली सगळी फसवणूक तिथेच होते."

सासऱ्यांना हे बोलण्याचा अधिकार आहे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते रस्त्याच्या तोंडाशी दिसले की दुकानदार तराजू पुसायला घेत, असे ते सांगतात. आता ते आमच्याकडेच राहतात. त्यांचा खात्याचा गडद निळा लोकरी कोट, पितळी बटणांसकट, त्यांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो. त्याला हात लावायची कुणालाही परवानगी नाही. कसरीलाही नाही; तिच्यासाठी ते स्वतः महिन्यातून एकदा डांबरगोळ्या बदलतात.

असा हा माणूस. पण डॉक्टरांनी त्यांचे चीज मोजून द्यायला सांगितले आणि त्यांचा जगावरचा विश्वास उडाला. बायको रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या स्प्रिंगच्या वजनकाट्यावर चीज ठेवत जाते, काटा चाळीस ग्रॅमवर आला की सुरी थांबते, आणि सासरे ताट घेऊन खिडकीकडे तोंड करून बसतात.

मी कामाला लागलो. पैसे वाचवायचे म्हणून आधी रबरी हातमोजे घेतले, मग डोळ्यांना लावायचा चष्मा, मग स्टीलचे नवे पातेले, कारण बायकोने जुने द्यायला नकार दिला. सगळे दरवाजे-खिडक्या उघडून, सासऱ्यांना बाहेरच्या खोलीत बसवून, मी त्याच वजनकाट्यावर तेल तोलले आणि कॉस्टिक सोडा तोलला. प्रत्येक वेळी आधी रिकामा काटा वाकून पाहिला. बरोबर शून्यावर. मी नोंदणी कार्यालयात कारकून आहे. दोनदा तपासल्याशिवाय मी स्वतःच्या नावाचीही सही करत नाही.

मिश्रण ढवळून घट्ट झाले. साच्यात ओतले. दुसऱ्या दिवशी बारा वड्या निघाल्या, संगमरवरासारख्या पांढऱ्याशुभ्र. जरा ठिसूळ होत्या, पण संगमरवरही पडला तर फुटतोच.

पुस्तकात लिहिले होते की वड्या काही आठवडे हवेवर मुरू द्याव्यात आणि मग जिभेचे टोक लावून पाहावे. झटका बसला तर त्यात सोडा जास्त आहे, वापरू नये. मी पाच आठवडे थांबलो आणि ही चाचणीही चुकवली नाही. मात्र त्या सकाळी घाईत उकळता चहा प्यायल्याने माझी जीभ दुपारपर्यंत बधिर होती. झटका बसला नाही. मी डायरीत लिहिले : चाचणी यशस्वी.

पहिला मान माझ्या रुमालांना दिला. रुमाल झकास निघाले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी नाक पुसले आणि थोड्या वेळाने माझे नाक लाल झाले, डोळे वाहू लागले. डोळे पुसायला मी तोच रुमाल काढला.

हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो साहेब. कोरडा वारा आहे."

"असतात असे दिवस," ते म्हणाले. "जा तुम्ही. अर्धी रजा मी लावून घेतो. आणि वहिनींशी शांतपणे बोला."

घरीही कोरड्या वाऱ्याने उच्छाद मांडला होता. सासरे जेवताना एका हाताने पाठ खाजवत. बायको फळ्यावर लिहिता लिहिता खांदा भिंतीला घासते, असे तिच्या वर्गातली मुले एकमेकांना सांगू लागली. माझा एक शर्ट तर इतका स्वच्छ झाला की उजेडात उभा राहिलो तर आतली बनियन दिसे.

"अहो, तुमच्या साबणाने तर होत नाही ना हे?" बायकोने विचारले.

"शक्यच नाही. ग्रॅमन्‌ग्रॅम मोजलंय."

"हो, हो," सासरे घाईने म्हणाले. "वाराच आहे."

त्यांच्या या पाठिंब्याने माझा ऊर भरून आला. त्यांनी माझी बाजू घेतल्याची ती पहिलीच खेप.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बायकोच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली होती आणि सोमवारी, २० डिसेंबरला, सकाळी दहाला तिची मुलाखत होती. ही जागा मागे दोनदा तिच्या हातातून निसटली होती. पहिल्या वेळी समितीने सांगितले, अनुभव कमी. दुसऱ्या वेळी सांगितले, वय जास्त. मधली दोन वर्षे नेमकी कुठे गेली, हे त्यांनी सांगितले नाही. यावेळी तिने तयारीत काहीही बाकी ठेवले नव्हते. मुलाखतीसाठी म्हणून एक राखाडी लोकरी कोटही घेतला होता. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. का, ते मलाही कळले नाही.

शनिवारी संध्याकाळी मी त्या कोटाच्या उजव्या बाहीवर चहा सांडला.

बायकोने ओल्या फडक्याने डाग टिपला, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाली, "वाळू दे. दिसत नाही फारसा. आणि अहो, त्याला हात लावू नका."

रविवारी सकाळी ती मैत्रिणीकडे मुलाखतीची तयारी करायला गेली. मी कोटाला हात लावणार नव्हतोच. मी फक्त पाहत होतो. पण पाहता पाहता तो डाग मोठा होत गेला. माझ्यापाशी स्वतःच्या हाताने केलेला, चाचणीत उतरलेला साबण असताना माझ्या बायकोने डागाळलेल्या बाहीने समितीसमोर बसायचे?

मी दोन वड्या किसल्या, गरम पाण्यात त्यांचा लेप केला आणि बाहीला जाड थापला. मग उरलेला कोट तरी का अन्याय सोसेल, म्हणून तो सगळाच टबात गरम पाण्यात भिजवला. पुस्तकात म्हटले होते, हट्टी डागांना वेळ द्यावा. मी दुपारपर्यंत वेळ दिला.

मग हातमोजे घालून मी बाही धरून कोट वर उचलला. बाही वर आली. कोट आला नाही.

म्हणजे बाहीसुद्धा पूर्ण आली असे नाही. कोपरापासून खालचा भाग माझ्या बोटांमधून शिजलेल्या लापशीसारखा टबात गळला. उरलेला कोट बाहेर काढला तेव्हा तो आटून एखाद्या सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा झाला होता. डाग मात्र गेला होता.

मी पुस्तक उघडले. त्यात होते : सोडा जास्त झाल्यास लोकर विरघळते. पण माझा सोडा जास्त असणे शक्यच नव्हते. मी वजनकाटा काढला आणि त्यावर अर्धा किलो साखरेचा न फोडलेला पुडा ठेवला. काट्याने साडेचारशे दाखवले.

"हल्ली पुडे कमीच भरतात," दारातून सासरे म्हणाले. ते केव्हा आले, मला कळले नव्हते.

मी अर्धा किलो मिठाचा पुडा ठेवला. साडेचारशे.

"मीठवालाही चोर," सासरे म्हणाले.

मी वजनकाटा उलटा केला. मागच्या स्क्रूवर ताजे ओरखडे होते. सासऱ्यांनी स्वयंपाकघराचे दार हळूच लावून घेतले.

"तो स्क्रू सैल केला की काटा शून्याच्या खाली जातो," ते कुजबुजले. "पण शून्यापाशी एक खिळी आहे, तिला टेकून तो थांबतो. रिकामा पाहाल तर अगदी बरोबर. पहिले पन्नास ग्रॅम मात्र तो मोजतच नाही." मग त्यांना राहवेना. "फार सुबक युक्ती आहे. नोकरीत मी कितीतरी दुकानांत पकडली. तुम्हाला काही कळलं होतं?"

"बाबा! चीजसाठी?"

"चाळीस ग्रॅममध्ये माणूस जगतो का हो? तुम्ही सांगा."

माझ्या डोळ्यांसमोर सगळा हिशेब उभा राहिला. तेलात पन्नास ग्रॅम जास्त गेले, त्याचे विशेष नव्हते. पण नव्वद ग्रॅम सोड्याच्या जागी एकशे चाळीस गेला होता. आणि आम्ही सहा दिवस त्या साबणाने कपडे धूत होतो.

"मी हे तिला सांगणार," मी म्हणालो. "चूक माझी नाही."

"सांगा. पण कोटाला हात तुम्ही लावलात, मी नाही."

हा मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात बाहेरचे दार वाजले.

बायको आली, टबापाशी थांबली आणि बराच वेळ आत पाहत राहिली. मी मनात भांडणाची तयारी केली होती. ती भांडली नाही. स्टुलावर बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, उद्या दहाला मुलाखत आहे हो माझी."

तिने मेणबत्त्यांचा विषय काढला असता तर बरे झाले असते.

सासरे आत गेले. प्लॅस्टिकची पिशवी सळसळली, डांबरगोळ्यांचा वास आला. ते तो निळा कोट हातांवर आडवा घेऊन बाहेर आले.

"हा घाल," ते म्हणाले. "खांद्यात थोडा मोठा होईल. पट्टा आवळ."

"बाबा, हा तुम्ही कुणाला..."

"घाल म्हटलं ना!"

तिने तो घातला, पट्टा आवळला, वरपर्यंत बटणे लावली. सासऱ्यांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ मला स्पष्ट कळला : कोट माझा, तोंड तुमचे बंद. मी मान हलवली.

सोमवारी ती गेली. मी रजा टाकली (उरलेली अर्धी) आणि सासरे व मी समोरासमोर बसून पाठी खाजवत राहिलो. दुपारी दोन वाजता ती परत आली. कोट अंगावरच होता.

"झालं," ती म्हणाली. "मिळाली."

सासरे खुर्चीतून निम्मे उठले आणि तसेच राहिले. मी काहीतरी म्हणालो, काय ते आठवत नाही. तिने सविस्तर सांगितले. समितीचे अध्यक्ष धान्याचे मोठे व्यापारी आहेत. ती दारात दिसताच ते ताडकन उभे राहिले, खिशातून चष्मा काढून लावला आणि पितळी बटणांकडे पाहत म्हणाले, "आमच्याकडे सगळं नियमानुसारच आहे." तिने त्यांना बसायला सांगितले, तेव्हा ते बसले. बाकीचे सदस्यही सावरून बसले. अनुभवाचा आणि वयाचा विषय कुणी काढला नाही.

"पण खरं सांगू का," ती म्हणाली, "भीती वाटत होती. हात कुठे ठेवू कळेना म्हणून खिशात घातले, तर आत हे सापडलं. तेवढा वेळ मुठीत घट्ट धरून बसले होते."

तिने मूठ उघडली. तळहातावर पितळेचे एक लहान गोल वजन होते, सरकारी छाप मारलेले. पन्नास ग्रॅम.

"माझं तपासणीचं!" सासरे आता पूर्ण उठले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "दे इकडे. हरवेल."

पण बायको खुशीत होती. स्वयंपाकघरातून जाताना तिने सहज ते वजन वजनकाट्यावर ठेवले.

काटा शून्यावर होता.

तिने वजन उचलले. पुन्हा ठेवले. तबकडीकडे पाहिले, वजनावरचा छाप पाहिला, आणि मग वडिलांकडे पाहिले.

"हवा कोरडी आहे," सासरे म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"कालपासून फक्त," मी म्हणालो.

तिने कोटाची बटणे न काढताच सुरी घेतली, वजनकाटा उलटा केला आणि स्क्रू आवळला.

मंगळवार, २१ डिसेंबर. आकाश निरभ्र, वारा पडलेला.

बायको एक जानेवारीपासून मुख्याध्यापिका होईल. उरलेला साबण न्हाणीघराच्या तुंबलेल्या पाइपमध्ये टाकला. पाइप मोकळा झाला. सासऱ्यांना सकाळी चाळीस ग्रॅम चीज मिळाले. मला वीस.