लॉर्ड कॅव्हरलींचं वाक्य

गाडी यायला थोडाच वेळ उरला होता, आणि खासदार ॲम्ब्रोस हेन्सलो यांना एकदम आठवलं. त्यांची रोजनिशी लॉर्ड कॅव्हरलींच्या वाड्यावर, पाहुण्यांच्या खोलीतल्या उशीखाली राहिली होती.

"अहो, राहू दे की," त्यांची बायको लेटी म्हणाली. "टपालाने पाठवतील."

"त्यात त्यांच्याबद्दल लिहिलंय गं!"

हेन्सलोंचं उपमंत्रिपद आता लॉर्डसाहेबांच्या एका शब्दावर अडलं होतं. आणि शनिवारच्या पानावर हेन्सलोंनी लिहिलं होतं, 'कॅव्हरली जेवता जेवता झोपले. जागे झाले, पण फारसा फरक पडला नाही.' तेव्हा ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

लेटीला फलाटावर बसवून ते घोडागाडीने वाड्याकडे परत धावले. "छत्री विसरलो," त्यांनी दारात सांगितलं.

"ती आपल्या हातात आहे, साहेब," बटलर म्हणाला. "लॉर्डसाहेब आपलीच वाट पाहताहेत."

लॉर्ड कॅव्हरली शेकोटीपाशी बसले होते. मांडीवर रोजनिशी उघडी होती.

"वाचली," ते म्हणाले.

"साहेब, ते झोपेचं..."

"मी झोपतो. सगळ्या देशाला ठाऊक आहे. पण हे काय? 'पंतप्रधान दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतात आणि तिसरीकडे जेवायला जातात.' हे तुम्ही आपल्याबरोबर जेवायला बसलेल्या त्या डॉडच्या नावावर घातलंत?"

"डॉडचं नाही का ते?"

"माझं आहे! अहो, शंभर वर्षांनी कुणी इतिहासकार हे उघडेल. त्याला काय दिसेल? कॅव्हरली घोरतोय आणि तो डॉड, तो दगड, टाळ्या घेतोय!" म्हाताऱ्याचा आवाज खरोखरच कापला. "दौत तिथे आहे. बसा."

हेन्सलो बसले. डॉड खोडून त्यांनी कॅव्हरली लिहिलं, आणि आपण होऊन पुढे 'सगळे मनसोक्त हसले' असंही जोडलं. लॉर्डसाहेबांनी शाई वाळेपर्यंत पान निरखलं आणि मग हेन्सलोंचा हात हातात घेतला.

"उपमंत्रिपदाचं मी आजच कळवतो."

पुढची गाडी मिळाली. डब्यात दोघंच होती. हेन्सलोंनी सगळी हकिगत रंगवून सांगितली.

"पण पंतप्रधानांबद्दलचं ते वाक्य मी बोलले होते," लेटी शांतपणे म्हणाली. "नोकर मटण वाढत होते तेव्हा."

"ठाऊक आहे गं. पण बायको नवऱ्यापेक्षा हुशार बोलली, हे मी माझ्याच रोजनिशीत कसं लिहू?"

"असू दे. माझ्या रोजनिशीत बरोबर आहे."

"तू रोजनिशी लिहितेस?"

"लग्न झाल्यापासून. रोज."

हेन्सलो सावरून बसले. त्यांनी टाय नीट केला. "मग... माझं एखादं चांगलं वाक्य असेलच त्यात?"

लेटीने खिडकीबाहेर पाहत अगदी मनापासून आठवायला सुरुवात केली. एक स्टेशन गेलं. दुसरं गेलं. लेटी अजून आठवतच होती.