जीपच्या देखत

धुळातात्या आपल्या जीपच्या देखत पैशांविषयी अक्षरही बोलत नसत. "मुकं जनावर हाय, गुरुजी. आपली किंमत कानावर पडली, की खांदा टाकतं," असे ते मला गंभीरपणे समजावीत. पळसदेवच्या शाळेत मी नव्याने रुजू झालो होतो आणि तात्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली मला भाड्याने मिळाली होती. घरमालकाशी वाद घालण्याइतके धैर्य माझ्यात कधीच नव्हते.

घराणे मेंढपाळांचे. थोरले बंधू आबा कळपामागे हिंडत राहिले. तात्यांनी मात्र आपल्या वाट्याची मेंढरे विकून ही जुनी जीप घेतली आणि पळसदेव ते इंदापूर उतारू वाहू लागले. आबा त्या जीपमध्ये एकदाही बसले नाहीत.

मेंढरे गेली, तरी बाजाराची रीत तात्यांनी सोडली नव्हती. दुरुस्तीचा भाव ठरवायचा झाला, की ते मेकॅनिकचा हात टॉवेलाखाली घेत आणि गुरांच्या व्यापाऱ्यांप्रमाणे बोटे दाबून आकडा सांगत. बारामतीच्या त्या मेकॅनिकला गुदगुल्या होत. हसता हसता तो दोन बोटांऐवजी एकच धरी आणि तात्या तेवढ्यावर सौदा पक्का करीत.

एका वैशाखात एसटीडी बूथवर पुतण्याचा निरोप आला. कोकणातून परतणारा कळप दोन-तीन दिवसांत पणदऱ्याला पोचेल. आबांचे गुडघे धरले आहेत, पुढे चालवणार नाही. आबांनी स्वतः सांगितले होते, "धुळाला म्हणावं, न्यायला ये."

आणि जीपचे पासिंग, म्हणजे वर्षाची सरकारी तपासणी, संपलेले होते.

"तसेच जाऊन आणा," मी सुचवले.

"आन् वाटंत पोलिसानं धरलं तर? आबा जल्मात पयल्यांदा माझ्या गाडीत बसणार. त्यास्नी भर रस्त्यात खाली उतरवू व्हय?"

पासिंगचे साहेब महिन्यातून एकदा बारामतीला येत. सुदैवाने या महिन्याची ती तारीख दुसऱ्याच दिवशी होती. सकाळी तात्या मलाही सोबत घेऊन बारामतीला गेले. मेकॅनिक जीपखाली शिरला आणि यादी घेऊन बाहेर आला: ब्रेक, हॉर्न, दिवे, शिवाय इंजिन उतरवणे आणि रंग. टॉवेलाखाली त्याने पाचही बोटे दाबली.

"आरं, हिचं दुखतंय कुठं एवढंच इचारलं," तात्या कडाडले, "तू तेराव्याचा खर्च सांगतूस!" आणि बॉनेटला हळदकुंकू लावून जीप तशीच पासिंगच्या मैदानावर नेली.

साहेबांनी हॉर्न दाबला. शांतता पसरली.

"हॉर्न वाजत नाही?"

"लागत न्हाय, साहेब. समदी वळखत्यात मला."

ब्रेक दाबल्यावर जीप थोडा विचार करून बाभळीपाशी थांबली. "थांबली का न्हाय?" तात्यांनी विजयी मुद्रेने विचारले.

साहेबांनी पेन उघडले. सरकारी फी किती, एवढेच तात्यांना जाणून घ्यायचे होते. जीपला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी साहेबांच्या हातावर टॉवेल टाकला आणि त्यांची बोटे धरली.

"लाच देता? भर मैदानात?" साहेबांनी हात झटकला.

नाइलाजाने मी पुढे झालो. गुरांच्या बाजाराची रीत, जीपच्या भावना, आबांचे गुडघे, हे सारे शुद्ध मराठीत मांडताना मला घाम फुटला. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग जीपकडे.

"तुम्ही शिक्षक आहात?" त्यांनी खेदाने विचारले. "पाच वाजेपर्यंत मी इथे आहे. ब्रेक, हॉर्न, दिवे करून आणा. नाहीतर पुढच्या महिन्यात."

गॅरेजात मेकॅनिकने सवयीने हात पुढे केला. तात्यांचा टॉवेल खांद्यावरच राहिला.

"तोंडानं सांग."

"हिच्यासमोर?"

"सांग म्हनतो न्हवं."

त्याने चोरट्या आवाजात आकडा सांगितला. तात्यांनी कोपरीच्या खिशातून नोटा काढून दिल्या. घासाघीस नाही, शिवी नाही. मेकॅनिकच घाबरला. "तात्या, बरं वाटतंय न्हवं तुमास्नी?" असे विचारत त्याने दोन नोटा आपणहून परत केल्या.

पाचच्या आत जीप पास झाली.

दुसऱ्या दिवशी पणदऱ्याच्या पुढे आबा रस्त्याकडेला घोंगडी पांघरून उभे होते. पुतण्यांनी कळप नुकताच पुढे काढला होता. आबांनी जीपभोवती एक फेरी मारली. "कुठं बसू?" त्यांनी विचारले. तात्यांनी पुढचे दार उघडून धरले. काठीचे काय करावे हे आबांना कळेना. त्यांनी ती दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.

आता तात्या जीप भरधाव सोडणार, असे मला वाटले. परंतु त्यांनी पहिला गिअर टाकला आणि मेंढरांच्या मागे, मेंढरांच्याच चालीने, ते निघाले. मागून एसटी आली, ट्रॅक्टर आले. माणसे ओरडून पुढे गेली.

"तात्या, कळपाला वळसा घालता येईल," मी भीतभीत म्हणालो.

"असू द्या, गुरुजी. आबा अजून मेंढरामागं हायत."

आबा काचेतून पुढे पाहत होते. एक कोकरू मागे रेंगाळले, तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून हाळी घातली. कोकरू पळाले.

कालव्यापाशी कळप रस्ता सोडून खाली उतरला. तात्यांनी इंजिन बंद केले. धूळ खाली बसली. मग आबांनी काठी मागे माझ्या हाती दिली.

"चल, धुळा," ते म्हणाले. "आता तुझ्या चालीनं."