सातपुतेकाका आणि त्यांचे दगड

सातपुतेकाका कुठल्याही दगडावर आधी बसून बघतात. चप्पल काढतात, खिशातला रुमाल अंथरतात, टेकतात, एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं झुकतात, मग निकाल देतात. "हा भला माणूस आहे." किंवा, "हा चुगलखोर. याच्यावर पाय ठेवला की बाजूच्याला हलवून राहिला." सोफ्याच्या दुकानात गिऱ्हाईक बसून बघतं ना, तसंच. फक्त इथं सोफा काळ्या पाषाणाचा आणि गिऱ्हाइकानं साठी कधीच ओलांडलेली.

तुम्हाला वाटेल, हा माणूस पाटे-वरवंटे विकत असेल. नाही. हा माझा पार्टनर आहे.

आमच्या इंदूरच्या आसपास दगडांवरून जीप चढवायच्या स्पर्धा होतात. वेगाचा काही संबंध नाही, गाडी मुंगीच्या चालीनं जाते. वाटेत दोन-दोन काठ्या रोवून दरवाजे केलेले असतात, त्यांतून जायचं. काठीला धक्का लागला की गुण चढले. गाडी मागं घ्यावी लागली, गुण चढले. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. परीक्षेची ही पद्धत शाळेत असती तर मी कुठल्या कुठं पोचलो असतो.

टीम दोघांची असते. एक गाडीत, एक गाडीपुढं पायी. आतल्याला चाकाखालचं काही दिसत नाही, बोनेटपुढं नुसतं आभाळ असतं. म्हणून पुढचा हातानं दाखवतो आणि आतला मुकाट्यानं तसं करतो. आत मी, पुढं काका. स्पर्धा नसली तरी दर आठवड्याला सराव असतोच.

आता सरळच सांगून टाकतो. मी या माणसावर जळतो. थोडाथोडका नाही, चांगला जळतो.

तुम्हीच विचार करा. जीप माझी. आठवडाभर विजय नगरच्या ऑफिसात मान मोडायची आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली झोपून ग्रीस खायचं, ते मी. दगडावर गाडी आदळते तेव्हा कंबर कुणाची जाते? माझी. आणि हे गृहस्थ? यांना साधी स्कूटर येत नाही. स्नेहलतागंजात माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. आख्खी नोकरी रेल्वेच्या यार्डात शंटिंगमध्ये गेली, म्हणजे इंजिनापुढं उभं राहून हात हलवायचे आणि डबे जोडून घ्यायचे. तेच हात इथं हलवतात. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे थांबा. मला नावानं हाकसुद्धा मारत नाहीत. "आराम से, डायवर साहेब. डोंगर काय कुठं जाऊन नाही राहिला."

गाडी चढली की लोक टाळ्या वाजवत धावतात ते काकांकडं. "वा भिया, क्या लाइन दिखाई!" एकदा पेपरात फोटो आला. मधोमध काका, हात असे उंच केलेले, जणू डोंगर यांनीच उचललाय. मी? बोनेटमागं एक हेल्मेट दिसतं, तो मी. काकांनी ते कात्रण मला आणून दिलं आणि वर म्हणाले, "तुमचाबी चांगला आलाय हो."

घरी तरी कुणी आपलं म्हणावं? अनघा, माझी बायको, प्रत्येक स्पर्धेनंतर पहिलं वाक्य बोलते, "काका होते म्हणून." रविवारी सकाळी पोहे होतात. मला विचारते, "शेव हवी का?" काकांच्या बशीवर न विचारता मूठभर पडते. मी एकदा बोललो तर म्हणाली, "अहो, एकटे आहेत ते." एकटे! दर रविवारी आमच्या टेबलावर तिघं असतो, त्यांत एकटा मीच.

तरीही दोन वर्षं निभली. मग या वर्षी ती नारिंगी गाडी आली.

विजय नगरचे दोघं भाऊ-बहीण, निखिल आणि नेहा. तो चालवतो, ती पुढं चालते. गाडी अशी की माझी जीप तिच्यापुढं कामाला येणारी बाई वाटावी. पोरं गुणी, वागायला नम्र, त्यामुळं राग यायला आणखीच जागा. यंदाच्या अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे सिमरोलच्या पुढं, घाटाखालच्या कोरड्या नाल्यात स्पर्धेची वाट पारखायला गेलो होतो. मी टायरमधली हवा कमी करत होतो. मान वर केली तर सातपुतेकाका निखिलच्या बाजूला एका दगडावर बसलेले. रुमाल अंथरून. माझ्यासाठी अंथरायचा तो रुमाल!

मला काय झालं म्हणून सांगू. नेहा त्यांना थर्मासमधला चहा देत होती, निखिल वाकून काहीतरी विचारत होता आणि काका हसत मान हलवत होते. ज्या माणसाच्या नावानं मी दोन वर्षं बोटं मोडली, तो जातोय म्हटल्यावर माझ्या हातून टायरची हवा नको तेवढी सुटून गेली.

परत येताना मी विचारलं, "काय म्हणत होती पोरं?"

"काही नाही हो. अशीच गपशप."

अशीच गपशप! रेल्वेतला माणूस, 'गाडी लवकरच येईल' म्हणावं तसं सहज खोटं बोलून गेला. ते खिडकीबाहेर बघत बसले आणि मी गिअरवर राग काढत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी. दुपारपर्यंत आम्ही आणि नारिंगी गाडी जवळजवळ बरोबरीत. त्यांची शेवटची वाट संपली होती, माझी चालू होती. उरला एक दरवाजा. तो स्वच्छ निघाला की पहिला नंबर आमचा. काका उलटे चालत होते, मला दाखवत होते, थोडं उजवं, थोडं, बस. मी तसं करत होतो. तेवढ्यात त्यांच्या मागं निखिल दिसला. हातात मोबाइल, फोटो घेत होता. कुणाचा, ते सांगायला नको.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, हा फोटोसुद्धा यांचाच होणार. आणि उद्या हे तिकडं जाऊन म्हणणार, त्या डायवरला मीच चढवत होतो. मग एक दरवाजा तरी माझा मला काढू दे. मी नजर काढून घेतली. पुढचा सपाट दगड मला दिसत होता, काठ्या दिसत होत्या, अजून काय पाहिजे? काकांचे दोन्ही हात डोक्यावर गेलेले मला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळले. मी पाय दाबला.

सपाट दगड चुगलखोर निघाला. तो कलंडला, मागचं चाक फटीत उतरलं, जीप बाजूला झुकली आणि तिनं काठी आडवी केली. मग पुढं नाही, मागं नाही. वेळ संपली. आम्हाला ओढून बाहेर कुणी काढलं असेल? नारिंगी गाडीनं. निखिल वर म्हणाला, "सर, लागलं तर नाही ना?" मला लागलं होतं, पण ते त्याला दाखवण्यासारखं नव्हतं.

परतीच्या वाटेवर काका रुमालावरची धूळ झटकत बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच न राहवून म्हणालो, "काका, तुम्ही त्यांच्याकडं जा. लपवू नका. काल त्यांनी विचारलं ना?"

"विचारलं. एकदा नाही, दोनदा."

"मग?"

"नाही म्हटलं."

मी गाडी जवळजवळ थांबवलीच. "का पण?"

"त्यांच्याकडं ते माइक आहेत, हेल्मेटात. म्हणाले, अंकल, तुम्ही सावलीत खुर्ची टाकून बसा, तिथून बोला, आम्ही ऐकू." काका रुमालाची घडी घालत होते. "चांगली आहेत पोरं. पण मग ते माझ्याकडं बघणार नाहीत ना."

मला कळलं नाही. ते पुढं हळूहळू बोलले. यार्डात होतो तेव्हा मोठमोठे डायवर खिडकीतून मान काढून माझ्याकडं बघायचे, म्हणाले. नजर हलली तर माणूस चिरडेल, म्हणून बघायचे. मग रिटायर झालो. मग तुमच्या काकू गेल्या. मुलगा रोज फोन करतो, त्याची काही तक्रार नाही, पण तो तिकडं जेवता जेवता बोलतो. भाजीवाला पिशवीकडं बघतो, डॉक्टर रिपोर्ट बघतो.

"हप्त्यात एक तुम्ही आहात, डायवर साहेब. अर्धा अर्धा तास पापणी न हलवता बघता. मला भोत बरं वाटतं." रुमाल खिशात ठेवत म्हणाले, "आज नाही बघितलं."

नंबर गेला त्याबद्दल चकार शब्द नाही. मला भयंकर लाज वाटली. नुसतं सॉरी म्हणून हे भागणार नव्हतं.

स्नेहलतागंजात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आमच्या घराशेजारच्या बोळात मी रोज डोळे मिटून गाडी लावतो, दोन्ही बाजूंना हातभर जागा आहे. मी बोळाच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून थांबलो.

"काका, जरा पुढं उभं राहून दाखवता का? मला अंदाज येत नाहीये."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बोळाकडं. उतरले, बोळात आत जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. मी थांबलो. मग एक हात हळूहळू हलू लागला. तीनदा त्यांनी मला पुढं-मागं करायला लावलं, मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि मी त्या हातांवरची नजर एकदाही हलवली नाही.