बसलेल्या म्हशीची वाडी

आमच्या वाडीत कुणालाही वाट विचारावी, भिवबातात्यांना विचारू नये. माझ्या भावानं विचारली आणि म्हशीची लाथ खाल्ली.

भिवबातात्या माझे चुलत सासरे. उंच, वाळके, डोक्याला मळकं मुंडासं आणि आवाज असा, की नदीपलीकडची जनावरं मान वर करून बघत. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. भाऊ मला भेटायला आला आणि त्याला पहिले भेटले तात्या. त्यांनी वाट सांगितली, "शेपटीकडनं आत शिर. पाठीवर चढू नगं. बरगडी-बरगडीनं जा, फऱ्यापाशी वळ. डाव्या शिंगाच्या बुडाशी तुझी बहीण ऱ्हाती."

भावाला वाटलं, मी गोठ्यात कुठल्याशा म्हशीपाशी बसले असेन. तो पहिल्याच गोठ्यात शिरला. पुढचं सांगितलंच आहे.

तात्यांच्या लेखी आमची वाडी म्हणजे एक बसलेली म्हैस होती. तोंड प्रवरेकडे. नदीकाठच्या दोन बाभळी ही शिंगं, मधला मुरमाड उंचवटा ही पाठ, कोल्हारकडे जाणारी पाणंद ही शेपटी आणि विहीर ही कास. दहाबारा गवळ्यांची घरं तिच्या अंगाभोवती, आणि पायवाट तिच्या कडेकडेनं, बरगड्यांवरून फऱ्याला म्हणजे पुढच्या खांद्याला वळत गेलेली. पाणंदीपासून विहीर समोर दिसायची, पण जायचं सगळ्या म्हशीला वळसा घालून. वाटेच्या दोन्ही बाजूंना तात्यांनी स्वतः धोंडे लावले होते. एखाद्या रेडकानं धोंडा हलवला, तर रेडकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून ते तो जागच्या जागी बसवत.

मी मराठी चौथी शिकलेली. उगवतीकडे तोंड केलं की डाव्या हाताला उत्तर, हे मला पाठ. तात्यांना तसं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सूर्य रोज हलतोय. म्हस बसली ती बसली."

वाडी वसली कशी, हे विचारण्यात तर अर्थच नव्हता. एकदा म्हणाले, आपले लोक प्रवरेच्या उगमाकडच्या, अकोल्याच्या डोंगरातून उतरले. तिकडच्या पावसानं गुरांचे खूर कुजत होते. इथं आल्यावर म्हातारी म्हैस बसली ती उठेचना, मग तिच्याभोवतीच खोपटी घातली. पुढच्या महिन्यात तेच लोक उगवतीकडून, दुष्काळातून आले होते आणि म्हैस म्हातारी नसून गाभण होती. मी म्हटलं, तात्या, खरं कोणतं? म्हणाले, "म्हशीला इचार." अडचणीत आले की ते हेच म्हणत.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कसली म्हस न् कसलं काय. नदीला गवत हुतं म्हनून आले. वाडीला ही शिंगं-शेपटी आत्ता फुटली, तुझ्या लग्नाच्या वर्सभर आधी. तवर आमी विहिरीला सरळ जात हुतो." आता एक म्हणतो म्हैस आधी, वाडी मागून. दुसरी म्हणते वाडी आधी, म्हैस मागून. माझं डोकं चालेना. मी तो नाद सोडला.

तात्यांना वाटेनं मोठ्यानं बोलायची खोड होती. एकटे असले की गप्प, पण बायको मागं असली की तोंड सुरू. "बरगडी सुटली. आता फरा. हितं खळगा. ही आली कास." मागोमाग सारजाकाकू डोक्यावर घागर घेऊन चालत. बायकोनं नवऱ्याच्या मागून चालायची रीतच होती, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. तात्यांना मात्र वाडी खुळ्यात काढी.

काकू मला मिजासखोर वाटत. समोरून गेलं तरी ओळख देत नसत. आपण बोललो तरच बोलत. पण धार काढावी ती त्यांनीच. लाथाळ म्हैसही त्यांच्या हाताखाली पान्हा सोडी. कुणाची म्हैस आटली, अडली, की ती काकूंच्या दारात नेऊन बांधायची. वाडीत त्यांना मान होता तो या हातांचा.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सालातली गोष्ट. आमचं दूध कोल्हारला नेणारे हुसेनभाई एक दिवस वैतागले. वाकड्या वाटेनं बैलगाडी आत येईना आणि किटल्या डोक्यावरून पाणंदीपर्यंत आणताना दूध सांडे. ते म्हणाले, रस्ता सरळ करा, मी थेट विहिरीपर्यंत गाडी आणतो. सगळ्यांना पटलं. तात्या तेवढे आडवे आले.

"म्हशीच्या पोटातनं गाडी घालता व्हय रं?"

आमचे मालक म्हणाले, "तात्या, म्हस कुठं हाय ती दावा. उठवून बाजूला बांधतो." सगळे हसले. तात्या हसले नाहीत. रोज नव्या सबबी काढून त्यांनी तो रस्ता पावसाळाभर अडवला.

शेवटी ते कोल्हारच्या बाजाराला गेलेले बघून माणसांनी कुदळी घेतल्या. दुपारपर्यंत पाणंदीपासून विहिरीपर्यंत सरळ पट्टा निघाला. उकरलेला मुरूम आणि वाटेचे धोंडे जुन्या वाटेवरच ढीग करून टाकले. माणसं जेवायला गेली.

मी विहिरीवर होते. सारजाकाकू घागर घेऊन आल्या, एकट्या. रोजच्यासारख्या झपाझप आल्या आणि ढिगाला पाय लागताच थांबल्या. पायानंच इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. मग एक हात पुढं करून हवेत फिरवला. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेऊन रुसवा दाखवतायत.

मी म्हटलं, "काकू, शेजारी एवढा रुंद रस्ता केलाय, दिसत नाही का?"

"दिसत न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. मी विचारलेलं त्यांनी सरळच घेतलं होतं.

मी जवळ गेले. डोळे उघडे, पण माझ्यावर ठरत नव्हते. त्यांनी माझं मनगट धरलं. "तू यायच्या आधीपासनं. नुसता उजेड कळतो. कुनाला बोलू नगंस. आंधळीच्या हातात कोन आपली म्हस देईल? धार गेली तर मी काय करू, बसून?"

मी त्यांची घागर भरून दिली आणि दारापर्यंत पोचवलं. डोळ्यांवाचून या बाईला एकच अंग पाठ होतं, म्हशीचं. म्हाताऱ्यानं सगळी वाडी त्याच्यावर बसवली होती.

संध्याकाळी तात्या परतले. आता मारामारी होते म्हणून माणसं जमली. तात्यांनी नव्या रस्त्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, काकूंना कुणी विहिरीवर पाहिलं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आल्या होत्या, मीच पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी शेणाची पाटी घेऊन निघाले, तर ते दोघं नव्या रस्त्यावर. पुढं तात्या, मागं काकू, रिकामी घागर घेऊन. जात होते, परत येत होते. तात्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा.

"म्हस उठली बग राती. कूस बदलून बसलीया. आता शिंगं पानंदीकडं. ही मान. हितनं सरळ पाठीचा कना, वळायचं न्हाई."

त्या दिवसापासून ते सगळ्यांना नव्या म्हशीप्रमाणे वाट सांगू लागले. जुनी म्हैस आत्ता कुठं लोकांच्या अंगवळणी पडली होती. हुसेनभाई दोनदा भलत्याच गोठ्याशी गाडी घेऊन गेले. म्हातारा पार बिघडला, असं वाडीनं ठरवलं. काकूंच्या दारात म्हशी येत राहिल्या.

पण त्या सकाळी काकू मध्येच थांबल्या होत्या. घाबरल्यासारख्या म्हणाल्या, "आन् कास? कास कुठं गेली?"

तात्या वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"कास हाय तितंच हाय गं. कास कुठं जातीया?"