एडच्या हयातीचा दाखला

चेन्नईच्या गिंडी औद्योगिक वसाहतीत, गॅस्केट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर, दर दुसऱ्या रविवारी 'कावेरी'च्या कार्यकारी समितीची बैठक भरते. कावेरी ही संगणक चालवणारी प्रणाली आहे. ती हौशी मंडळींनी बनवली आहे, फुकट मिळते, आणि गेल्या शिरगणतीनुसार एक्केचाळीस लोक ती वापरतात. त्यांपैकी अडतीस समितीवर आहेत. मी हेरंब, समितीचा चिटणीस. खालील हकिगत इतिवृत्तावरून घेतली असल्यामुळे तिच्यात अतिशयोक्तीला जागा नाही.

समितीवर शेषगिरी नावाचे एक सद्गृहस्थ आहेत. विमा कंपनीतून निवृत्त, मूळचे तंजावूरकडचे, आम्हा सर्वांचे अण्णा. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या जमान्यातले सतरा छोटे प्रोग्रॅम त्यांच्या ताब्यात होते. जुन्या प्रोग्रॅमला नवं वेष्टन चढवायचं, परवान्याचा कागद जोडायचा, आजच्या यंत्रावर तो चालेल असं बघायचं, हे त्यांचं काम. त्यांतलाच एक 'एड'. एड मजकूर लिहायला उपयोगी पडतो, पण एका वेळी एकच ओळ. खिडक्या नाहीत, रंग नाहीत, चित्रं नाहीत. तुमचं काही चुकलं तर तो फक्त प्रश्नचिन्ह दाखवतो आणि गप्प बसतो.

असला प्रोग्रॅम कोण वापरणार? शेषगिरींची थोरली बहीण कनकाअक्का वापरत. अक्का गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. एडची प्रत्येक ओळ संगणक त्यांना वाचून दाखवी, आणि जतन केलं की किती मजकूर जतन झाला तो आकडा बोले. आकडा ऐकला की अक्का निश्चिंत. त्या घरातल्या जुन्या तंजावुरी मराठीचा कोश लिहीत होत्या, कारण त्यांची नातवंडं मराठीत विचारलेल्याचं उत्तर तमिळमध्ये देत. 'अ'पासून निघून त्या 'म'पर्यंत पोचल्या होत्या.

यंदा अध्यक्षपदी विजयेंद्र आला. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो गुणवत्ता व्यवस्थापक आहे. त्याने कारखान्यातली तपासणी पद्धत कावेरीला जशीच्या तशी लावली.

"अण्णा, एडमधला शेवटचा दोष कधी दुरुस्त केला?"

"दोष सापडलाच नाही."

"किती वर्षं?"

"वीसेक तरी झाली."

"म्हणजे वीस वर्षं कोणी बघितलंच नाही," विजयेंद्र म्हणाला. "आमच्याकडे ज्या मशीनचा बिघाड-अहवाल येत नाही, तिथल्या फोरमनला आम्ही आधी पकडतो."

तपासणीच्या पत्रकात एडपुढे 'मृत' अशी नोंद झाली. नव्वद दिवसांत हयातीचा पुरावा आला नाही तर पुढच्या आवृत्तीतून एड वगळायचा, असं ठरलं.

शेषगिरींनी एक स्वल्पविराम बदलून पुरावा पाठवला. तो नामंजूर झाला. नियमानुसार हयात सिद्ध होते ती दोष दुरुस्त केल्यानेच. दोष दुरुस्त करायचा तर तो आधी असायला हवा, आणि एडमध्ये तो नव्हता. शेषगिरींनी तीन दिवस शोध घेतला. चौथ्या दिवशी, बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे आणून, त्यांनी तो स्वतः घातला. एका प्रश्नचिन्हाऐवजी दोन.

दोषाची तक्रार वापरणाऱ्याने करावी, असाही नियम. अक्का तयार होत्या, पण तक्रारीच्या फॉर्मवर आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला चित्रांतले वाहतुकीचे दिवे ओळखावे लागतात. तेव्हा तक्रार समितीवरच्या संयुक्ताने केली. ती पुण्याहून बदली होऊन आलेली. एड तिने कधी उघडलेला नव्हता. आठ दिवसांत दोष दूर झाला. एडपुढे हिरवा ठिपका आला. टाळ्या वाजल्या, आणि त्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

ही युक्ती लपून राहणं शक्यच नव्हतं. महिन्याभरात कावेरीतल्या प्रत्येक धडधाकट प्रोग्रॅममध्ये एकेक दोष बसवला गेला, आणि थाटामाटाने काढला गेला. विजयेंद्रचे आलेख छताला टेकले. दर तिमाहीस किमान चार दोष असं उद्दिष्ट ठरलं. दोष-नियोजन उपसमिती नेमली गेली. प्रश्नचिन्हांची संख्या बदलण्यासारख्या किरकोळ दोषांवर तिने बंदी घातली, कारण त्यामुळे दुरुस्तीचा दर्जा घसरतो.

एडच्या वाट्याला 'मध्यम' दर्जाचा दोष आला. जतन केल्यावर आकडा बोलायचा, पण जतन करायचं नाही.

"हे बरं नव्हे," शेषगिरी म्हणाले.

"अण्णा, शुक्रवारी सोडायचा, सोमवारी दुरुस्त करायचा," संयुक्ताने समजूत घातली. "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे! आणि एड वापरतंय कोण?"

त्या शुक्रवारी शेषगिरींनी दोष सोडला आणि घरी जाऊन अक्कांच्या संगणकात नवी आवृत्ती आपोआप येणं बंद केलं. आपण फार सावध आहोत असं त्यांना वाटलं.

आपोआप येणं बंद, म्हणून शनिवारी संगणकाने अक्कांना आधी विचारलं, "एडची नवी आवृत्ती आली आहे. जबाबदार व्यक्ती, शेषगिरी. स्वीकारायची का?" अक्कांनी होकाराची कळ दाबली. मग त्यांनी कोशाची सगळी पानं आणून 'म'पर्यंतचा मजकूर एका फायलीत एकत्र केला, जतन केला, आकडा ऐकला, आणि जुनी सुटी पानं स्वतःच्या हाताने पुसून टाकली. आकडा अगदी बरोबर होता.

रविवारी शेषगिरींनी ती फाईल उघडली. आत एक अक्षर नव्हतं.

"अक्का, 'हो' कशाला म्हणालीस गं?"

"तुझं नांव ऐकलें रे कण्णा," अक्का लाडाने म्हणाल्या. "तूं केलास म्हणजे बरंच असणार की."

शेषगिरी बहिणीसमोर बसून रडले. ही माहिती त्यांनीच नंतर बैठकीत दिली. ती इतिवृत्तात घेऊ नये असं ठरलं. मी ती घेतली नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

अक्कांची तक्रार शेषगिरींनी बैठकीत समितीपुढे मांडली. नियोजित दोषामुळे झालेलं नुकसान हे नियोजनाचा भाग असल्याने ती निकाली निघाली. मात्र एखाद्या दोषाचा खऱ्याखुऱ्या माणसावर परिणाम झाल्याची कावेरीतली ही पहिलीच नोंद, म्हणून एडला वर्षातल्या सर्वांत चैतन्यशील प्रोग्रॅमचा मान मिळाला. शेषगिरींनी राजीनामा दिला. अक्का सध्या 'अ'वर आहेत. त्या तोंडाने शब्द सांगतात, आणि शेषगिरी वहीत लिहून घेतात.

बाकी कावेरी उत्तम चालली आहे. आपण ती वापरत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, तर तुमचंही समितीकडून अभिनंदन. आज सकाळी तुमच्या फोनने सांगितलं असेल, 'काही दोष दूर केले आहेत.' कोणते दोष, ते घातले कोणी, आणि मधल्या दिवसांत कोणाचं काय गेलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही 'ठीक' दाबलंत. दोष-नियोजनाच्या ठरावाच्या बाजूने आणखी एक मत पडल्याची नोंद मी करून घेतली आहे.